साडेबारा खोल्यांचं एक घर

लोअर परळच्या एका टॉवरमधलं घर विकायला आहे, अशी जाहिरात गेल्या आठवड्यात एका मित्राने मला पाठवली. बावन्नावा मजला, चार बेडरूम, 2000 चौरस फूट कार्पेट, समुद्राकडे उघडणारा डेक, तीन गाड्यांचं पार्किंग, किंमत 12 कोटी. पत्त्यात परळ हे नाव कुठेच नव्हतं. दलालांनी आमच्या लोअर परळचं 'अपर वरळी' केलंय, तेच छापलं होतं. मित्राने खाली एकच ओळ लिहिली होती : 'अण्णांची गिरणी इथेच होती.' त्याचे वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि ते सगळे ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत राहायचे.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. म्हणजे त्या एका घरात अशा साडेबारा खोल्या बसतात. एका चाळीत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर 20 खोल्या, एकूण 80. टॉवरच्या मजल्यावर दोन घरं असतील, तर 80 कुटुंबांसाठी 40 मजले बांधावे लागतील. चार मजल्यांची चाळ जेवढी कुटुंबं पोटात घेऊन शंभर वर्षं उभी राहिली, तेवढीच कुटुंबं चाळीस मजल्यांत. हा आकडा मी तीनदा तपासला. चूक नव्हती.

मुंबईत टॉवरवरून भांडण होतं ते नेहमी त्याच्या उंचीवरून. एक बाजू म्हणते, किती उंच बांधता. दुसरी म्हणते, जागा नाही, वरच जावं लागणार. त्या उंचीत घरं किती झाली, हे दोघंही विचारत नाहीत. मला वाटतं, या शहरातला घरांचा सगळा प्रश्न त्या एका आकड्यात अडकलेला आहे.

चाळीचे गोडवे मी गाणार नाही. मी लालबागच्या चाळीत वाढलो. सकाळी संडासच्या रांगेत उभं राहताना पोरींची होणारी कुचंबणा पाहिली आहे, पावसाळ्यात पोटमाळ्यावर गळणारं पाणी पातेल्यात धरलं आहे, दहावीचा अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली केला आहे. माझ्या आईने उभ्या आयुष्यात दार लावून कपडे बदलले ते मोरीच्या पडद्याआड. बीडीडीतल्या लोकांना 160 फुटांच्या बदल्यात 500 फुटांचं घर मिळणार, वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांच्या हातात चाव्याही पडल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. स्वतंत्र संडास आणि बंद होणारं दार हा माणसाचा हक्क आहे. उंच इमारतीलाही माझा विरोध नाही. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या या चिंचोळ्या शहराने वर जाण्यात गैर काही नाही. पण वर जायचं ते जास्त माणसांना जागा मिळावी म्हणून. त्याच माणसांच्या, किंवा त्याहूनही कमी माणसांच्या, वाट्याला जास्त फूट यावेत म्हणून सगळं शहर वर उचलायचं असेल, तर त्याचा जाब विचारायला हवा.

जनगणनेचे आकडे पाहा. 2001 साली मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या पट्ट्याची, लोकसंख्या 33 लाख 38 हजार होती. 2011 साली ती 30 लाख 85 हजार झाली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली. याची कारणं अनेक आहेत : चाळी धोकादायक झाल्या, कुटुंबं वाढून उपनगरात गेली, राहत्या जागांची कार्यालयं झाली. पण हीच ती दहा वर्षं, ज्यांत गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहू लागले. एवढं बांधकाम चाललेल्या पट्ट्यात माणसं कमी होत होती, हे विसरून चालणार नाही. त्याच 2011 च्या जनगणनेत मुंबईत रिकामी आढळलेली घरं पावणेपाच लाखांच्या वर होती.

आमच्या भागात पेपर टाकणारा मुलगा आता मुलगा राहिलेला नाही, पन्नाशीला आला आहे. तो सांगतो, आमच्या चाळीत एके काळी तो 50 पेपर टाकायचा आणि एका जिन्याने चढून दुसऱ्याने उतरायचा. समोरच्या टॉवरमध्ये त्याचे पेपर गेटवर ठेवायचे असतात, आणि ते 14 आहेत. पेपर वाचणारे कमी झाले हे मला माहीत आहे, त्यामुळे हा काही पुरावा नव्हे. तरी दूधवाला आणि इस्त्रीवालाही तेच सांगतात. कुठल्या मजल्यावर चूल पेटते आणि कुठे फक्त गुंतवणूक पडून आहे, हे या तिघांइतकं कुणाला ठाऊक नसेल.

हे असं होणं अटळ होतं का? नव्हतं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. उरली ती जमीन, सुमारे 600 एकर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने तिची वाटणी ठरवली होती : एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 साली नियम बदलला. आता वाटणी व्हायची ती गिरणीच्या आवारात आधीपासून जी जागा रिकामी होती तेवढ्याचीच. शेड आणि चिमण्या उभ्या असलेली जमीन वाटणीतून सुटली, आणि गिरणीत बहुतेक जमिनीवर शेडच असतात. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 चा बदल कायम ठेवला. लाखो चौरस फुटांचं भवितव्य एका व्याख्येवर फिरलं. कामगारांच्या वारसांनी घरासाठी जे अर्ज केले त्यांची संख्या दीड लाखाच्या घरात आहे, आणि त्यांना आता शेलू आणि वांगणी दाखवली जात आहे. बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर. जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर जमलेली वयस्क माणसं एवढंच मागत होती की घर मुंबईत द्या. ज्या माणसाने भोंग्यावर चालत जाऊन पाळी गाठली, त्याच्या नातवाने पहाटे पाचची कर्जत लोकल का पकडावी, याचं पटेल असं उत्तर मला कुणीही दिलेलं नाही.

बिल्डर घर विकून नफा कमावतो, तो त्याचा धंदा आहे. माझी तक्रार सरकारशी आहे, कारण महाग घराच्या व्यवहारात सरकार भागीदार असतं. त्या 12 कोटींच्या घरावर 6 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 72 लाख रुपये एका सहीत तिजोरीत जातात. त्याआधी बिल्डरने प्रीमियम, म्हणजे सवलतींची शुल्कं, भरलेले असतात : फंजिबल एफएसआयचा (एफएसआय म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, फंजिबल म्हणजे त्यावर पैसे भरून मिळणारं जादा), जिने आणि लिफ्टच्या लॉबीचा, मोकळी जागा कमी सोडल्याचा. हे प्रीमियम रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या, दरावर ठरतात. दर जितका चढा, तितका वाटा मोठा. अशा वेळी लहान घरं बांधली जावीत, यात सरकारला आणि महापालिकेला पैशांचा काय फायदा? काहीच नाही, आणि धोरण नेमकं तिथेच लंगडं पडतं.

एक प्रसंग मला फार बोचतो. जानेवारी 2021 मध्ये, कोविडने बांधकाम ठप्प असताना, राज्य सरकारने हे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मे केले. अट एक घातली : सवलत घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरावं. म्हणजे अट घालता येते, हे सरकारला माहीत होतं. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहिता आली असती, की निम्म्या प्रीमियमवर मिळणाऱ्या क्षेत्रात अमुक इतकी घरं 45 चौरस मीटरच्या आत हवीत. ती ओळ लिहिली गेली नाही. 12 कोटींचं घर घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क वाचलं.

एफएसआय ही मालकाच्या बापजाद्यांची मिळकत नाही, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. जमीन त्याची असेल. शहर बेटात, म्हणजे कुलाबा ते सायनच्या त्याच पट्ट्यात, मूळ एफएसआय 1.33 चा. त्यावर जे चढतं, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या पुनर्विकासात 3 पर्यंत आणि काही योजनांत त्याहून पुढे, ते सगळं शासन नियम करून देतं. ते बांधकाम पेलायला रस्ता, पाणी, मलवाहिनी, अग्निशमन दल हे सगळं शहराचं वापरलं जातं. लोकांनी दिलेल्या गोष्टीला लोकांनी अट घालणं यात अन्याय कसला?

अट कुठली, तेही सांगतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत गरिबांसाठी हेक्टरी किमान किती घरं बांधलीच पाहिजेत, याचा नियम आहे. गरिबांना दाटीने बसवायचा नियम आपण केला. विक्रीच्या इमारतीला तसा नियम का नाही? जादा एफएसआय घेणाऱ्या प्रत्येक विक्री इमारतीत दर हेक्टरी किमान इतकी घरं, हा एक नियम. आणि सरकार जो प्रीमियम रोख घेतं, त्यातला मोठा हिस्सा त्याच इमारतीतल्या लहान घरांच्या रूपात घ्यावा, हा दुसरा. म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासात, नियमावलीच्या 33(5) या नियमात, प्रीमियमऐवजी बांधलेलं क्षेत्र घेण्याची तरतूद आहेच, त्यामुळे मी जगावेगळं काही मागत नाही. ती घरं म्हाडाने विकू नयेत, भाड्याने द्यावीत. केईएमच्या परिचारिकेला, बेस्टच्या वाहकाला, वॉर्डातल्या सफाई कामगाराला, नोकरी असेपर्यंत.

4000 चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांवर पाचव्या हिश्श्याएवढी लहान घरं द्यावीत असा नियम नियमावलीत आहे, असं कुणी सांगेल. आहे. पण ती घरं त्याच वॉर्डात दुसरीकडे नेऊन द्यायची सोय त्यात आहे, आणि पुनर्विकासाच्या बहुतेक योजना त्यातून वगळलेल्या आहेत. बेटावर पुनर्विकासाखेरीज बांधकाम होतं कितीसं?

नियम केला तरी लोक भिंत पाडून घरं जोडतील, ही भीती खरी आहे. मुंबईत त्याला 'जोडी फ्लॅट' असा खास शब्दच आहे. पवईत हेच घडलं. 1986 मध्ये सरकारशी झालेल्या त्रिपक्षीय करारानुसार तिथे 40 आणि 80 चौरस मीटरचीच घरं बांधायची होती, जमीन हेक्टरी एक रुपया भाड्याने दिली होती. उभी राहिली ती श्रीमंतांची वसाहत. 2012 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की करार मोडला आहे, आधी लहान घरं बांधा. सव्वीस वर्षांनी. त्यातून माझा निष्कर्ष एवढाच की घरांची संख्या भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी मोजायची, आणि दोन घरांना एक नोंदणी, एक वीजमीटर किंवा एक दार द्यायचं नाही. पाचशे फुटांच्या आतलं घर ओळखून महापालिकेने 1 जानेवारी 2022 पासून त्याचा मालमत्ता कर माफ केला. करासाठी लहान घर ओळखता येतं, तर परवानगीसाठीही येईल.

आता पार्किंग. पुनर्विकासाच्या प्रत्येक सभेत बिल्डरची माणसं सांगतात, घरं जास्त झाली की गाड्या जास्त होतात. मुंबईची नियमावलीच याच्या उलट सांगते. 45 चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांना मिळून एक पार्किंग पुरतं. 90 चौरस मीटरच्या वरच्या एका घराला दोन लागतात. जाहिरातीतलं घर 186 चौरस मीटरचं. तेवढ्याच जागेत 45 ची चार घरं बसतात, आणि चार कुटुंबांना मिळून एका गाडीची जागा लागते. मोठ्या गाडीचं एक पार्किंग अडीच मीटर रुंद, साडेपाच मीटर लांब. फुटांत मांडलं तर 148 चौरस फूट. बीडीडीच्या खोलीत आणि त्यात 12 फुटांचा फरक आहे.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की मोठी महागडी घरं विकली जातात म्हणून चाळकऱ्यांना फुकट घर मिळतं. हे खरं आहे आणि ते मान्य न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. पुनर्वसनाचा खर्च विक्रीतूनच निघतो. पण विकले जातात ते चौरस फूट. तेच फूट चार कुटुंबांना विकून पैसा का उभा राहणार नाही? न्हाणीघरं, नळ, जिने वाढतील, नफा थोडा उतरेल. प्रीमियम रोख न घेता घरांत घेतला, तर बिल्डरच्या हातात सुरुवातीला जास्त पैसा राहील आणि व्याज वाचेल. ही तोंडमिळवणी करता येते.

किंमतीचा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. जाहिरातीतल्या दराने, फुटाला 60 हजार, 45 चौरस मीटरचं घर 2 कोटी 90 लाखांना पडतं. माझ्या ओळखीतलं कुणी ते घेऊ शकणार नाही. नुसती घरं लहान केली की ती स्वस्त होतात, असं सांगणं ही लोकांची फसवणूक ठरेल. म्हणूनच दुसरा नियम, भाड्याच्या घरांचा, पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आणि तरीही संख्येचा उपयोग आहे : 12 कोटींच्या घरासाठी रांगेत उभा असणारा आणि 2 कोटी 90 लाखांच्या घरासाठी धडपडणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. दुसरा इथे राहायला येतो, कारण दुसरं घर घेऊन ते बंद ठेवण्याएवढा पैसा त्याच्याजवळ नसतो.

आणखी एक आक्षेप असतो, की इतकी माणसं इथे राहिली तर रेल्वे आणि रस्ते कोसळतील. 29 सप्टेंबर 2017 ची सकाळ मला आठवते. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसात गर्दी अडकली आणि चेंगराचेंगरीत 23 जण गेले. गिरण्यांच्या जागी कार्यालयं उभी राहिली, हजारो माणसं रोज इथे उतरू लागली, पूल तेवढाच राहिला. इथे काम करणाऱ्या माणसाला इथे राहता येत नाही, म्हणून तो पुलावर असतो. आमच्या लहानपणी भोंगा झाला की आख्खा लालबाग रस्त्यावर यायचा आणि दहा मिनिटांत गिरण्यांच्या फाटकांत दिसेनासा व्हायचा. त्यात एकालाही गाडी लागत नव्हती, पासही लागत नव्हता.

2024 मध्ये पार्ल्यातून मागणी झाली, की नव्या इमारतींत निम्मी घरं काही काळ मराठी माणसांसाठी राखून ठेवा. त्यामागचं दुःख मी जाणतो. खाण्यापिण्यावरून, आडनावावरून घर नाकारलेली माणसं माझ्याही घरात आहेत. पण मराठी माणूस इथून गेला तो मुख्यतः त्याला परवडेल एवढं घर बांधलं गेलं नाही म्हणून. चार बेडरूमची निम्मी घरं त्याच्यासाठी राखून ठेवली, तरी ती घेणार कोण? घराचा आकार आणि भाडं यांवर लढलो, तर आपल्यासोबत भय्या दूधवाल्याचंही भलं होईल, आणि मागणी न्यायालयात टिकेल.

राहिली मेंटेनन्सची गोष्ट. माझ्या मावशीला पुनर्विकासात घर मिळालं, विसाव्या मजल्यावर. पाच वर्षांपर्यंतचा मेंटेनन्स कॉर्पसमधून, म्हणजे बिल्डरने ठेवलेल्या निधीतून, गेला. नंतर लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सिक्युरिटी धरून महिन्याला जी रक्कम येऊ लागली, ती काकांच्या पेन्शनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती. त्यांनी घर भाड्याने दिलं आणि ते विरारला गेले. कागदावर त्यांचं पुनर्वसन झालेलं आहे. त्यांच्यासारखी कुटुंबं मोजणारी कुठलीही नोंद सरकार ठेवत नाही, आणि ती ठेवली पाहिजे.

गेल्या महिन्यात आमच्याही चाळीत सभा झाली. शेजारच्या दोन चाळी मिळून 150 कुटुंबं. मागे रिहॅबची, म्हणजे आमच्या घरांची, इमारत, पुढे रस्त्याच्या बाजूला सेल, म्हणजे विक्रीची. वास्तुविशारदाने पडद्यावर सेलचा टॉवर दाखवला : पोडियम, त्यावर 36 मजले, वर पोहण्याचा तलाव. सगळे उंची पाहून हरखले होते. मी हात वर करून विचारलं, यात घरं किती? त्याला उत्तर पाठ नव्हतं. नकाशावर बोट ठेवून त्याने सांगितलं, मजल्यावर दोन, एकूण 72, प्रत्येकी साडेअठराशे फुटांची. तेवढ्याच क्षेत्रात 45 मीटरची पावणेतीनशेच्या आसपास बसतील, असं मी म्हटल्यावर बिल्डरच्या माणसाने सांगितलं, तसं मार्केट नाही. सभेत कुणी काही बोललं नाही. पण नंतर जिन्यात चौघं जण थांबले आणि त्यांनी तो हिशेब पुन्हा विचारून घेतला.

येत्या रविवारी दुसरी सभा आहे. आम्ही लेखी मागण्या तयार केल्या आहेत : सेलमधली निम्मी घरं 45 मीटरच्या आत, कॉर्पस पाच वर्षांऐवजी कायमच्या व्याजावर चालेल एवढा, आणि रिहॅबच्या गच्चीवर वाळवणाला जागा. काल शेजारच्या काकूंनी कागद वाचून एक मागणी वाढवायला सांगितली, दोन्ही इमारतींना गेट एकच असावं. ती आम्ही पहिल्या क्रमांकावर घातली.